फिट आली तेव्हा नेमकं काय दिसलं? अपस्मार आणि झटक्यांचे प्रकार समजून घेताना

मेंदूच्या डॉक्टरांकडे फिटचा पेशंट गेला की फाइल उघडण्याआधीच एक प्रश्न येतो : ‘फिट आली तेव्हा जवळ कोण होतं?’ बहुतेक वेळा ती व्यक्ती घरीच राहिलेली असते. बरोबर आलेला असतो एखादा काका किंवा मेहुणा, ज्याने काहीच पाहिलेलं नसतं, आणि त्याच्या हातात असतो एमआरआयचा मोठा लिफाफा. पेशंटला स्वतःला विचारून फारसा उपयोग नसतो. त्याला एवढंच आठवतं, की तो चहा पीत होता आणि मग सगळे त्याच्याभोवती जमले होते.

अपस्माराचं निदान आजही मुख्यतः पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून होतं. त्या निदानावरून झटक्याचा प्रकार ठरतो आणि प्रकारावरून औषध. एका प्रकारावर उत्तम चालणारी गोळी दुसऱ्या प्रकारात फिट वाढवू शकते. म्हणून या लेखाचा मोठा भाग ‘कसं पाहायचं’ यावर आहे. गोळ्या डॉक्टर लिहून देतील. पाहण्याचं काम मात्र घरच्यांचंच.

आधी एवढं समजून घ्या

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अतिसूक्ष्म संदेशांनी बोलतात. एरवी हे संदेश शिस्तीत ये-जा करतात. कधी तरी पेशींचा एक मोठा गट एकाच वेळी, गरजेपेक्षा खूप जास्त संदेश सोडू लागतो. तो गट ज्या कामाचा असेल ते काम बिघडतं. हात हलवणाऱ्या भागात गडबड झाली तर हात उडतो, वासाच्या भागात झाली तर नसलेला वास येतो, आणि सगळ्या मेंदूत पसरली तर माणूस कोसळतो. या एका घटनेला आपण फिट, झटका, आकडी किंवा फेफरं म्हणतो.

एक फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. रक्तातली साखर किंवा सोडियम फार खाली जाणं, रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद करणं, डोक्याला नुकताच लागलेला मार, मेंदूज्वर अशा तात्कालिक कारणानेही फिट येते. तसं काही कारण नसताना, किमान २४ तासांच्या अंतराने दोन फिट आल्या तर त्याला अपस्मार म्हणतात. जगभरातल्या अपस्मारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये त्यात एक भर घातली : फिट एकच आली असेल, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा अधिक दिसत असेल, तरी तो अपस्मारच. म्हणजे एमआरआयमध्ये मेंदूवर जुना व्रण दिसला तर डॉक्टर पहिल्याच फिटनंतर गोळ्या सुरू करू शकतात. ‘एकदाच तर आली, एवढ्यात गोळ्या कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात.

पायरी पहिली : समोर फिट आली आहे, आता काय?

पहिलं काम, घड्याळ बघा. हे सगळ्यांत जास्त विसरलं जातं. पाहणाऱ्याला दीड मिनिट पंधरा मिनिटांसारखं वाटतं आणि मग डॉक्टरांना ‘अर्धा तास चालू होती’ असं सांगितलं जातं. या दोन उत्तरांवरून होणारे उपचार अगदी वेगळे असतात.

दुसरं, आजूबाजूच्या वस्तू, चूल, गरम भांडी, टोकदार काही असेल ते दूर करा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा ओढणी ठेवा. चष्मा काढा, गळ्याशी घट्ट असलेलं बटण सोडा. हातपाय दाबून धरू नका; त्याने झटके थांबत नाहीत, खांदा मात्र निखळू शकतो.

तिसरं, झटके ओसरू लागले की माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल आणि जीभ मागे पडून श्वास अडणार नाही. जमत असेल तर झटके चालू असतानाच वळवा.

तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, गोळी तर नाहीच. दातखिळी बसलेली असताना चमच्याने ती उघडायला गेलं की दात तुटतो आणि तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. माणूस जीभ गिळत नाही, ते शरीररचनेत बसतच नाही. जीभ चावली जाते हे खरं, पण ती पहिल्या काही सेकंदांतच चावली गेलेली असते आणि तिची जखम भरून येते.

कांदा, चप्पल, हातात लोखंडी किल्ली यांबद्दल भांडण्यात वेळ घालवू नका. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. गर्दीत कोणी किल्ली दिलीच तर देऊ द्या. कांदा तोंडात कोंबला जात नाही एवढं बघा.

१०८ ला फोन कधी करायचा? फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, एक संपून शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली, माणूस पाण्यात होता, डोक्याला जोराचा मार लागला, बाई गरोदर आहे, मधुमेह आहे, किंवा आयुष्यातली ही पहिलीच फिट आहे, तर लगेच. पाच मिनिटांनंतर फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि अशी लांबलेली फिट जिवावर बेतू शकते. ज्यांना लांबलेल्या किंवा लागोपाठ फिट येतात त्यांच्यासाठी फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. तो डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, किती फवारे ते वजनानुसार चिठ्ठीवर लिहायला सांगावं, आणि घरातल्या किमान दोघांनी तो वापरायला शिकून घ्यावं.

पायरी दुसरी : बघा, शक्य असेल तर व्हिडिओ घ्या

माणूस सुरक्षित आहे हे बघितल्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. चेहरा आणि चारही हातपाय दिसले पाहिजेत. फिट थांबल्यावरही एक-दोन मिनिटं चालू ठेवा, नाव विचारा, ‘हात वर कर’ म्हणा. शुद्ध कशी परत येते यात निम्मं निदान दडलेलं असतं. हे चित्रण डॉक्टरांसाठी आहे, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी नाही.

व्हिडिओ नसेल तर त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. फिटच्या आधी तो काय करत होता, झोपेत होता का जागा? ‘काहीतरी होतंय’ असं म्हणाला का? सुरुवात कुठून झाली : एका हातातून, तोंडाच्या एका कोपऱ्यातून, का एकदम सगळ्या अंगातून? मान आणि डोळे कोणत्या बाजूला वळले? डोळे उघडे होते का मिटलेले? अंग ताठ झालं, थरथरलं, का सैल पडलं? रंग निळसर झाला का पांढराफटक? जीभ चावली असेल तर कडेला का टोकाला? कपड्यांत लघवी झाली का? नंतर किती वेळ गोंधळलेला होता, बोलता येत होतं का, एक हात लुळा पडला होता का?

यांतला सर्वांत मोलाचा प्रश्न सुरुवातीचा आहे, आणि नेमकी सुरुवातच सगळ्यांच्या नजरेतून सुटते, कारण धपकन आवाज आल्यावर लोक धावत येतात. म्हणून पेशंटला शांतपणे विचारा : पडण्याआधीची शेवटची आठवण कोणती?

पायरी तिसरी : झटका कोणत्या घरातला?

झटक्यांची मुख्य विभागणी दोन घरांत होते. मेंदूच्या एका भागातून सुरू होणारे, म्हणजे फोकल. आणि दोन्ही बाजूंना एकदमच पसरणारे, म्हणजे जनरलाइज्ड. माहिती अपुरी असेल तर डॉक्टर ‘अजून ठरलेलं नाही’ असंही लिहितात.

फोकल झटक्यांपासून सुरुवात करू, कारण प्रौढांमध्ये हेच जास्त दिसतात आणि हेच जास्त निसटतात. यात पुन्हा एक प्रश्न : झटक्यात माणूस शुद्धीवर असतो का? शुद्ध असताना येणारा झटका कित्येकदा फिट वाटतच नाही. पोटातून छातीकडे काहीतरी लाटेसारखं वर चढतंय, कारण नसताना भीती दाटून आली, हा प्रसंग आधी घडून गेलाय असं वाटलं, जळलेल्या रबरासारखा वास आला, आणि मिनिटभरात सगळं नाहीसं झालं. लोक याला अॅसिडिटी म्हणतात, टेन्शन म्हणतात. प्रत्येक वेळी अगदी तसंच, त्याच क्रमाने होत असेल तर मात्र ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. हेच काही जणांत मोठ्या फिटच्या आधी येतं. त्याला ऑरा म्हणतात, आणि तो स्वतःच एक छोटा फोकल झटका असतो.

कानामागच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून येणारा झटका पुढे सरकला की शुद्ध मंदावते. माणूस पडत नाही. टक लावून बघतो, ओठ चाटल्यासारखे करतो, गिळतो, शर्टाच्या बटणाशी चाळा करतो, हाक मारली तर उत्तर नाही. एक-दोन मिनिटांनी भानावर येतो, पण गोंधळलेला असतो. ऑफिसमध्ये असं झालं तर ‘हा कामात लक्ष देत नाही’ अशी तक्रार होते. बऱ्याच लोकांना अपस्मार म्हणजे तोंडाला फेस एवढंच माहीत असल्यामुळे असे झटके वर्षानुवर्षं उपचारांविना राहतात.

कपाळामागच्या फ्रंटल लोबचे झटके आणखी फसवे. ते बहुधा झोपेत येतात, अर्ध्या-एक मिनिटात संपतात आणि एका रात्रीत अनेकदा येऊ शकतात. माणूस एकदम उठून ओरडतो, सायकल चालवल्यासारखे पाय मारतो, अंग घुसळतो, आणि लगेच भानावर येतो. बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे, भगताकडे नेलेल्या लोकांत असे किती असतील कोण जाणे.

हात-पाय चालवणाऱ्या पट्ट्यातून सुरुवात झाली तर अंगठा उडू लागतो, मग मनगट, दंड, तोंडाची तीच बाजू, अशी चढण दिसते. झटक्यानंतर तो हात काही मिनिटं ते काही तास लुळा राहू शकतो आणि घरचे अर्धांगवायू समजून घाबरतात. हा लुळेपणा परत जातो. पण फिट कोणी पाहिली नसेल तर पक्षाघात समजूनच इस्पितळ गाठा, ठरवत बसू नका. डोक्याच्या मागच्या भागातून झटका सुरू झाला तर रंगीत गोळे, चकाकणारे ठिपके दिसतात. अर्धशिशीशी त्याची गल्लत होते. अर्धशिशीतल्या रेघा सहसा नागमोडी आणि हळूहळू पसरणाऱ्या असतात, झटक्यातले गोळे काही सेकंदांचे.

फोकल झटका कधी कधी सगळ्या मेंदूत पसरतो आणि मोठ्या फिटमध्ये बदलतो. बघणाऱ्याला शेवट दिसतो, सुरुवात नाही, आणि चिठ्ठीवर प्रकार चुकीचा लिहिला जातो. मान सुरुवातीलाच एका बाजूला जोरात वळली होती एवढं एक वाक्यही इथे उपयोगी पडतं.

आता दुसरं घर. सगळ्यांना माहीत असलेली मोठी फिट म्हणजे टॉनिक-क्लॉनिक. आधी १०-२० सेकंद अंग लाकडासारखं ताठ होतं. छातीतली हवा आवळलेल्या स्वरयंत्रातून बाहेर पडते म्हणून एक विचित्र किंकाळी येते. ती वेदनेची नसते. चेहरा निळसर पडतो. मग हातपाय लयीत झटकू लागतात, झटक्यांमधलं अंतर वाढत जातं आणि ते थांबतात. नंतर घोरल्यासारखा श्वास, गाढ झोप, डोकेदुखी, अंगदुखी. हे सगळं भयंकर दिसतं, पण साधारण एक ते तीन मिनिटांत आटोपतं.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे अॅबसन्स. साधारण ४ ते १० वर्षांच्या मुलांत हा प्रकार सुरू होतो. मूल बोलता बोलता थांबतं, नजर शून्यात, पापण्या हलक्या फडफडतात, आणि ५ ते २० सेकंदांनी ते तिथूनच पुढे बोलू लागतं. दिवसात असं अनेक वेळा होतं. वहीत शुद्धलेखनाची ओळ मध्येच तुटलेली दिसते. बाई म्हणतात, ‘हुशार आहे, पण तंद्री लागते’. नुसत्या तंद्रीतून मूल हाक मारल्यावर, खांद्याला हात लावल्यावर बाहेर येतं. अॅबसन्समधून येत नाही. डॉक्टर अशा मुलाला दोन-तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात आणि झटका समोरच दिसतो. शाळा-अंगणवाड्यांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या तपासणी-यादीत झटक्यांचे आजार आहेत, त्यांनाही सांगता येतं.

मायोक्लॉनिक झटका म्हणजे विजेचा शॉक बसल्यासारखा एक क्षणाचा हिसका, आणि माणूस पूर्ण शुद्धीवर. किशोरवयात सुरू होणारा जेएमई नावाचा अपस्मार असाच असतो. सकाळी उठल्यावर तासाभरात हातातला कप उडतो, ब्रश पडतो, आणि घरात ‘वेंधळी’ अशी पदवी मिळते. मग परीक्षेची किंवा हळदीची रात्र जागून काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली मोठी फिट येते. दवाखान्यात फक्त मोठ्या फिटबद्दल सांगितलं जातं, सकाळच्या हिसक्यांबद्दल कोणी बोलत नाही. हा तपशील सांगितला नाही तर चुकीची गोळी सुरू होऊ शकते, त्याबद्दल पुढे. झोप लागताना एखादा हिसका सगळ्यांनाच बसतो, तो यात धरायचा नाही.

अॅटॉनिकमध्ये अंगातला जोरच एकदम जातो आणि मूल तोंडावर आपटतं; अशा मुलांना हेल्मेट घालावं लागतं.

तान्ह्या बाळांचा एक प्रकार मात्र लक्षात ठेवाच. ३ ते १२ महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकदम मान खाली घालतं, हात फाकवतं, गुडघे पोटाशी घेतं. क्षणात सैल होतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच, अशी माळच लागते. पोटात कळ आली, दचकलं असं समजून ग्राइप वॉटर दिलं जातं. हे इन्फंटाइल स्पॅझम्स असू शकतात आणि इथे आठवडे दवडले तर बाळाची वाढ मागे पडते. व्हिडिओ घ्या आणि बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा, पुढच्या लसीच्या तारखेची वाट पाहू नका.

पायरी चौथी : फिटसारखं दिसणारं, पण फिट नसलेलं

चक्कर येऊन पडणं हा सगळ्यांत मोठा तोतया. रांगेत उन्हात उभं राहून, रक्त बघून, उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम सुटतो, चेहरा पांढरा पडतो आणि माणूस कोसळतो. पडल्यावर दोन-चार हिसकेही येऊ शकतात. पण अर्ध्या मिनिटात तो भानावर येतो आणि ‘मी कुठे आहे’ असा गोंधळ नसतो. धावताना किंवा खेळताना कोणी असं कोसळलं, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयाच्या ठोक्यांचा दोष असू शकतो. म्हणून पहिल्या फिटनंतर साधा ईसीजी काढून घ्यावा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जोराच्या तापात आकडी येते. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येतेच. बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही आणि रोजच्या गोळ्याही लागत नाहीत. मात्र मान ताठ असेल, मूल नंतर नीट जागं होत नसेल, किंवा आकडी पंधरा मिनिटांहून लांबली असेल, तर मेंदूज्वर नाही ना हे तपासावंच लागतं.

तिसरा प्रकार मनावरच्या ताणातून येणाऱ्या झटक्यांचा. डोळे घट्ट मिटलेले, हालचाल कमी-जास्त होत राहते, दहा-वीस मिनिटं चालते. याला सर्रास ‘नाटक’ म्हटलं जातं आणि ते साफ चूक आहे. माणूस ते मुद्दाम करत नाही, त्रास खरा असतो, फक्त उपाय फिटच्या गोळ्या नसून समुपदेशन असतो. काही जणांना दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे घरच्यांनी आपल्या मनाने शिक्का मारू नये.

पायरी पाचवी : तपासण्या आणि कारण

ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूतल्या विजेचा आलेख. त्याला जाताना केस धुऊन, तेल न लावता जा. सांगितल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. रात्री कमी झोपून यायला सांगितलं असेल तर ते पाळा, कारण अपुऱ्या झोपेनंतर आणि झोपेत दोष पकडला जाण्याची शक्यता वाढते. अर्ध्या तासाचा ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं ठरत नाही. अपस्मार असलेल्या अनेकांचा पहिला ईईजी स्वच्छ असतो. एमआरआय काढताना चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ लिहून घ्या. त्यात स्मरणशक्तीशी संबंधित भागाची बारीक छायाचित्रं काढली जातात, जी साध्या एमआरआयमध्ये राहून जाऊ शकतात.

कारणं अनेक : जन्माच्या वेळी बाळ उशिरा रडणं, डोक्याचा जुना मार, मेंदूज्वर, पक्षाघात, गाठ, जनुकीय दोष. बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही. आपल्याकडच्या एका कारणाबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. रिपोर्टवर ‘न्यूरोसिस्टिसरकोसिस’ लिहून आलं की शाकाहारी कुटुंब चक्रावतं, कारण डुकराच्या मांसातून येणाऱ्या जंतांशी त्याचं नाव जोडलेलं असतं. मांसातून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो हे खरं. पण मेंदूत गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी, कच्च्या भाज्या आणि न धुतलेल्या हातांवाटे पोचतात. त्यामुळे माळकऱ्याच्या घरातही हा आजार होऊ शकतो. अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. गाठी कुठे आणि किती आहेत हे न बघता ती दिली तर मेंदूला सूज येऊ शकते.

पायरी सहावी : गोळ्या

कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन ही फोकल झटक्यांवर चांगली औषधं आहेत, पण अॅबसन्स आणि मायोक्लॉनिक झटके ती वाढवू शकतात. सकाळच्या हिसक्यांचा तपशील महत्त्वाचा होता तो यासाठी. व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम दोन्ही घरांत चालतात. एवढं माहीत असलं की ‘तीन वर्षं गोळ्या चालू आहेत तरी हिसके वाढतायत’ हा प्रश्न डॉक्टरांपुढे नेमका मांडता येतो.

फेनिटॉइनने हिरड्या सुजून वाढतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतो. लेव्हेटिरासिटामवर काही जण फार चिडचिडे किंवा उदास होतात. घरचे त्याला स्वभाव म्हणतात, तो गोळीचा परिणाम असू शकतो. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले, ताप आला, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. ही प्रतिक्रिया क्वचित, पण जिवावर बेतणारी असू शकते.

डोस राहिला तर आठवल्याबरोबर घ्या, पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. गोळ्या अचानक बंद करणं हे लांबलेल्या फिटचं फार मोठं कारण आहे, आणि ते बहुतेकदा ‘आता बरं आहे’, ‘उपास आहे’, ‘दुसरं औषध सुरू केलंय’ या तीन वाक्यांतून घडतं. सहसा किमान दोन वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर गोळ्या काही महिन्यांत हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. जेएमईमध्ये मात्र त्या बहुधा दीर्घकाळ लागतात. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम ही सगळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. खर्च झेपत नसेल तर सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी दुकानात आधी चौकशी करा, डोस अर्धा करू नका.

पायरी सातवी : रोजचं जगणं

झोप ही दुसरी गोळी समजा. गणपतीचं जागरण, रात्रपाळी, लग्नघर यांत फिट येतात त्या बहुधा अपुरी झोप आणि चुकलेला डोस एकत्र आल्याने. उपास करायचाच असेल तर निर्जळी नको, आणि गोळी उपासाला मोडत नाही. दारूच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ धोक्याची.

कापूर आणि निलगिरी तेल यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. कापूर पोटात गेला तर धडधाकट मुलालाही फिट येते, म्हणून सर्दीसाठी कापराची पुरचुंडी, तेल आणि मलमं लहान मुलांपासून आणि फिटच्या पेशंटपासून लांबच ठेवावीत. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि काही अँटिबायोटिकंही फिटची शक्यता वाढवतात; कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी अपस्मार आहे हे आधी सांगा.

जमिनीवरची चूल, विहीर, नदी, उंच शिडी, चारा कापायचं यंत्र इथे एकट्याने काम नको. बाथरूमला आतून कडी लावू नये. पोहायचं असेल तर ज्याला परिस्थिती माहीत आहे अशा पोहणाऱ्यासोबत. बाकी खेळ, शाळा, नोकरी सगळं चालतं. टीव्ही-मोबाइलच्या झगमगाटाने फिट येणारे शंभरांत तीन ते पाचच असतात, त्यामुळे सगळ्यांच्या हातातून मोबाइल काढून घेण्याचं कारण नाही. वाहन परवान्यासाठी भराव्या लागणाऱ्या नमुना १ मध्ये अपस्माराबद्दल थेट प्रश्न आहे. फिट अजून येत असताना दुचाकी चालवणारा स्वतःबरोबर रस्त्यावरच्यांचाही जीव टांगणीला लावतो, इथे माझी सहानुभूती संपते.

आणखी एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगत नाहीत. मोठ्या फिट पुन्हा पुन्हा येतच राहिल्या, विशेषतः झोपेत, तर अचानक मृत्यूचा धोका असतो. अपस्मार असलेल्या सुमारे १००० प्रौढांत वर्षाला एक, असं त्याचं प्रमाण आहे. म्हणून ‘वर्षाला दोन-तीनच येतात, चालायचंच’ म्हणून स्वस्थ बसू नये.

गोळ्या लागू पडत नसतील तर

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो इथल्या २००० सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यानंतरच्या औषधांनी जेमतेम ४ टक्क्यांच्या. म्हणून योग्य निवडलेली, योग्य डोसची दोन औषधं फसली की तिसरी, चौथी, पाचवी गोळी वाढवत बसण्यापेक्षा अपस्माराच्या मोठ्या केंद्रात जाणं शहाणपणाचं. तिथे व्हिडिओ-ईईजीवर झटके नोंदवून सुरुवातीची जागा शोधतात. जागा नेमकी आणि काढण्याजोगी असेल तर शस्त्रक्रियेने अनेकांच्या फिट थांबतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत. मुंबई-पुण्यातही त्या होतात. लहान मुलांसाठी कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर तूप-तेल आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थ, हाही पर्याय आहे, पण तो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच, यूट्यूब बघून नाही.

मुलींच्या बाबतीत

हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्माराचे वारंवार झटके हा विवाहाच्या आड येणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायदा बदलला तरी मुलीची फिट लपवण्याची रीत चालूच आहे, आणि तिची किंमत मुलगीच मोजते : सासरी गोळ्या लपवून घ्यायच्या, पाहुण्यांमध्ये डोस चुकवायचा, आणि आठवड्याभरात सगळ्यांसमोर फिट. ठरवण्याआधी सांगितलेलं बरं. नकार आला तर तो आधीच आलेला बरा.

गर्भधारणेचा विचार असेल तर काही महिने आधी डॉक्टरांना भेटायला हवं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या सुमारे दर दहा गरोदर स्त्रियांत एकीच्या बाळात मोठं जन्मजात व्यंग दिसतं, आणि मुलाच्या बुद्धीवरही परिणाम होऊ शकतो, त्यामुळे शक्य असेल तिथे औषध बदलतात. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम त्या मानाने सुरक्षित. फॉलिक अॅसिड दिवस राहण्याआधीच सुरू करतात. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन घेत असताना गर्भनिरोधक गोळ्या कुचकामी ठरू शकतात, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. आणि दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका : मोठी फिट आईला आणि पोटातल्या बाळाला दोघांनाही धोक्याची. बहुतेक स्त्रियांची बाळंतपणं नीट होतात आणि अंगावर पाजणंही सहसा चालतं. रात्रीच्या जागरणासाठी मात्र घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पाळी घ्यायची, आणि आईने बाळाला अंघोळ एकटीने घालायची नाही.